एका रुमालातले काही कोटी

दही कसं लागतं, हे मी छत्तीस वर्षं सातवीच्या मुलांना शिकवलं. दूध तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, मग त्यात स्वच्छ धुतलेलं बोट बुडवून आकडे मोजायचे. पाचालाच बोट बाहेर आलं तर दूध फार गरम. वीस झाले तरी बोटाला काही पत्ता नाही, तर फार गार. दहाला चटका बसेल-बसेल असं वाटलं, की चमचाभर विरजण घालून झाकून ठेवायचं आणि मग सगळ्यात अवघड काम करायचं, ते म्हणजे उघडून बघायचं नाही. माझे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की म्हणतात, "सर, बाकी सगळं विसरलो, पण ते बोट लक्षात आहे."

सांगायचा मुद्दा असा, की दह्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जातो. निदान आमच्या जिन्यात तरी.

म्हणून लेकीचा फोन आला तेव्हा मी जरा जास्तच बोलून गेलो. ती नवऱ्याबरोबर परदेशात राहायला जाऊन तीन वर्षं झाली होती. आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे तीन महिने जाणार होतो. बायको कागद-पेन्सिल घेऊन काय काय आणू ते विचारत होती.

"आई, काही आणू नकोस. इथे सगळं मिळतं. फक्त घरचं दही आण."

"का गं? तिकडे दही मिळत नाही?"

"मिळतं ना. डब्यात मिळतं. गोड असतं, गुळगुळीत असतं, आत फळांचे तुकडे असतात. दही तेवढं नसतं." एवढं बोलून ती गप्प झाली. इकडे बायकोही गप्प झाली. दोन बायका फोनवर एकाच वेळी गप्प झाल्या की प्रकरण गंभीर आहे असं समजावं. मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, "काळजी करू नकोस. मी आणतो."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात फळ्याकडे पाठ फिरवून उत्तर सांगणाऱ्या मुलाकडे पाहत असे.

आमचं विरजण साधं नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने एका लहान डबीत घालून तिच्या मांडीवर दिलं होतं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, असं ते एक दिवसही खंड न पडता चाललं आहे. म्हणजे विरजणाचं वय आणि आमच्या संसाराचं वय एकच. दोहोंपैकी जास्त कोण आंबलं, हा आमच्या घरात वादाचा विषय आहे.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला अर्धा तास लागला. तिथे विमानकाका राहतात. ते अकरा वेळा विमानात बसले आहेत. त्यातलं एक विमान उडालंच नाही, पण तेही ते धरतात, कारण खुर्चीवर बसून पट्टा बांधला होता. आमच्या इमारतीत कोणी नुसती बॅग झाडायला काढली तरी ते खाली उतरतात.

"सर, शंभर मिलिलीटरच्या वर पातळ पदार्थ आत नेता येत नाही," त्यांनी खुर्ची ओढत सांगितलं.

"आमचं दही पातळ नाही. वाडगा उलटा केला तरी पडत नाही."

"मग तुम्ही त्यांना तिथे उलटा करून दाखवणार का?"

"मोठ्या बॅगेत टाकतो."

"टाका की! माझ्या मेहुण्याने जॅम टाकला होता. वर गेल्यावर झाकण उडालं. लग्नाला गेला होता बिचारा. तीन दिवस सगळे विचारत होते, हा स्ट्रॉबेरीचा वास कुठून येतो?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्यापेक्षा असं करा. तोंडाला लावायच्या क्रीमची डबी घ्या आणि तिच्यात दही भरा. विचारलं तर सांगा, क्रीम आहे."

"खोटं सांगू?"

"अर्धं खरंच आहे. लावतात काही जण तोंडाला."

मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. चमचाभर दह्यासाठी ते सगळं नासवणं मला शक्य नव्हतं. विमानकाका "बघा बुवा" म्हणून चहा पिऊन गेले.

उपाय सापडला तो संध्याकाळच्या वर्गात. इमारतीतली पाच-सहा मुलं रोज माझ्या बाल्कनीत विज्ञान शिकायला येतात. शिकायला म्हणजे काही तरी सांडायला. त्यातली नऊ वर्षांची बारकी सगळ्यात कमी सांडते आणि सगळ्यात जास्त विचारते. तिने विचारलं, "सर, दह्यातलं पाणीच काढून टाकलं तर? मग ते पातळ कुठे राहिलं?"

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. बरोबर आहे! दही स्वच्छ सुती रुमालावर पसरायचं, वाळवायचं, घडी घालायची, खिशात ठेवायची. त्यातले जिवाणू मरत नाहीत, झोपतात. तिकडे गेल्यावर रुमाल कोमट दुधात बुडवला की उठून कामाला लागतात. आमच्या शाळेतले शिपाईसुद्धा चहाच्या वासाने असेच उठायचे.

पहिला रुमाल मी उन्हात वाळवला. ते जीव झोपले नाहीत, कायमचे गेले. दुसरा सावलीत वाळत घातला. समोरच्यांच्या मांजरीने तो असा चाटला, की दुकानातून आणला तेव्हाही इतका स्वच्छ नव्हता. तिसरा उत्तम वाळला, पण तो इतर कपड्यांबरोबर इस्त्रीला गेला. इस्त्रीवाला दुसऱ्या दिवशी घाम पुसत आला. "सर, काय चिवट डाग होता! दोनदा साबण लावला. पण काढलाच." त्याने रुमाल धुऊन, खळ घालून कडक इस्त्री करून आणला होता आणि त्या उपकाराचे पैसेही नको म्हणाला. मला त्याचे आभार मानावे लागले. आयुष्यात असे आभार फार थोड्या वेळा मानावे लागतात, हे बरंच आहे.

चौथा रुमाल जमला. त्याचा एक कोपरा कापून आम्ही मुलांसमोर दुधात बुडवला, आणि सकाळी वाटीत दही! मुलांनी टाळ्या वाजवल्या. बारकीने मात्र टाळी वाजवायच्या आधी विचारलं, "सर, दुसरा नमुना? तुम्हीच म्हणता ना, एका नमुन्यावर विसंबून प्रयोग करू नये?"

"उद्या निघायचंय गं. वेळ कुठे आहे?" मी म्हणालो. तिने वहीत काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

घरचं उरलेलं विरजण बायकोने विमानकाकांच्या स्वाधीन केलं. रोज लावायचं, रोज चमचाभर बाजूला काढायचं, असं तीन-तीनदा बजावलं. काका म्हणाले, "वहिनी, विमान चालवायला दिल्यासारखं काय सांगताय? दही तर आहे!"

निघायच्या दिवशी मी कोट घातला. विमानात कोट घालून बसतात हे मला कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण कोट लग्नातला आहे, तपकिरी, लोकरीचा, आणि तो पुन्हा घालायला मी एकेचाळीस वर्षं निमित्त शोधत होतो. टॅक्सी खाली भोंगा वाजवत होती. एवढ्यात बायकोने माझ्यासमोर वाडगाभर दही ठेवलं. "हे संपवा, वाया जाईल."

"अगं, टॅक्सी..."

"टॅक्सी काही नासत नाही."

मी उभ्या उभ्याच खाल्लं. भोंगा पुन्हा वाजला, मी दचकलो, आणि उजवी बाही मनगटापर्यंत वाडग्यात गेली. पुढची दहा मिनिटं बायको ओल्या फडक्याने बाही पुसत होती आणि मला ऐकवत होती. त्यात कोट, विमान, माझी नोकरी आणि माझ्या आईने मला लावलेलं वळण, एवढे विषय येऊन गेले.

विमानतळावर एका तरुणाने मला पट्टा काढायला सांगितला, मग बूट, मग घड्याळ, मग खिशातलं सगळं. मी एका हाताने विजार धरली, दुसऱ्या हाताने रुमाल ट्रेमध्ये असा ठेवला, जसं तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवतात. पलीकडे पोचलो तर मला घाम फुटलेला पाहून तिथल्या मावशीने आपुलकीने तोच रुमाल उचलला आणि म्हणाली, "घ्या काका, कपाळ पुसा." मी "नको!" म्हणून असा ओरडलो, की तीन रांगा थांबल्या. विजार सोडली नाही, एवढं देवाच्या दयेने लक्षात राहिलं.

विमानात माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई होत्या. समोरच्या पडद्यावर त्यांनी सिनेमा लावला. त्यात कुणी तरी कुणाला तरी सोडून गेलं असावं, कारण त्या आधी मुसमुसल्या, मग रडल्या, मग नाक पुसायला काही सापडेना म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या. त्यांची नजर माझ्या कोटाच्या वरच्या खिशावर थांबली. तिथे रुमालाची पांढरीशुभ्र घडी डोकावत होती.

मी खिशावर हात ठेवला.

त्यांनी एकदा रुमालाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "कसली माणसं असतात एकेक!" बायकोने मला ओलांडून त्यांना कागदी रुमाल दिला आणि हळूच म्हणाली, "त्यांचा रुमाल चालू आहे हो." या वाक्याने माझी बाजू सावरली असं मला वाटत नाही.

मग जेवण आलं. प्रत्येक पदार्थाला वेगळं झाकण होतं, आणि प्रत्येक झाकण अशा बेताने बसवलं होतं, की ते उघडताना कोपर शेजाऱ्याच्या जेवणात जावं. भाताचा एक चौकोन होता, भाजीचा एक चौकोन होता, आणि चव चौकोनाच्या बाहेर राहिली होती. शेवटी एक लहान डबी होती. बायकोने ती उघडली, चमच्याने ढवळली आणि माझ्यापुढे धरली. "हे बघा. दही."

मी डबीवरचा मजकूर वाचला. आठ महिने टिकेल, असं लिहिलं होतं. ज्याला आठ महिने काहीच होत नाही, त्याला दही म्हणायचं की फरशी? लेकीने तीन वर्षं हेच खाल्लं होतं. मी खिशातली घडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

उतरायच्या आधी एक फॉर्म आला. प्रवाशाने आपल्याजवळ दुग्धजन्य पदार्थ, बी-बियाणं किंवा सजीव असल्यास खूण करावी आणि तपशील द्यावा. बायको म्हणाली, "नाही लिहा. रुमाल आहे तो."

"रुमाल आहे, पण रिकामा नाही."

"अहो, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"हे काय, छापून विचारलंय!"

मी 'होय'वर खूण केली आणि तपशिलाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सजीव. संख्या अंदाजे काही कोटी. नग एक रुमाल.'

बाकीचे प्रवासी सरळ बाहेर गेले. आम्हाला एका बाजूच्या खोलीत नेलं. तिथे टेबलामागे एक तरुण अधिकारी होता, आईवडील मूळचे आपल्याकडचे, म्हणून मराठी बोलणारा. त्याने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

"काका, हे सजीव... कुठे आहेत?"

मी रुमाल टेबलावर ठेवला. त्याने हातमोजे घातले.

"हलत का नाहीत?"

"झोपलेत."

"उठले तर काय करतात?"

"दूध मिळालं तर दही करतात. नाही मिळालं तर काही करत नाहीत. स्वभावाने गरीब आहेत."

त्याने चिमट्याने घडी उलगडली. "याचा एक कोपरा कुठे आहे?"

"तो चाचणीत खर्ची पडला." आणि मग माझा इलाजच राहिला नाही. समोर कोणी तरी प्रश्न विचारतोय, टेबल आहे, मागे पांढरा फळा आहे! मी उठलो आणि फळ्यावर दुधाचा थेंब काढला. जिवाणू म्हणजे काय, ते साखर खाऊन आंबटपणा कसा करतात, दूध का घट्ट होतं, सगळं समजावलं. दारातून आणखी दोन कर्मचारी आत येऊन उभे राहिले. अधिकारी त्यांना त्यांच्या भाषेत सांगत होता; एकाने हातही वर केला. विरजण कधी घालायचं यापर्यंत मी आलो होतो, एवढ्यात त्यांच्या साहेबाने दारातून डोकावलं आणि सगळे एकदम फायली चाळू लागले.

अधिकारी खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून दंड नाही. पण हा आत जाणार नाही. नियम आहे."

त्याने रुमाल पिशवीत घालून पिशवी बंद केली, वर चिठ्ठी चिकटवली. एकेचाळीस वर्षं खंड पडला नव्हता, तो निदान आमच्यापुरता पाच सेकंदांत पडला. बायको काही बोलली नाही. ती टॅक्सीच्या वेळी दहा मिनिटं बोलली होती, ते परवडलं होतं.

बाहेर लेक आणि सहा वर्षांची नात वाट पाहत होत्या. लेकीने मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "आणलंत?"

माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. "जाऊ दे हो बाबा. तुम्ही आलात ना," ती म्हणाली. पण गाडी चालवताना तिने दोनदा डोळे पुसले, आणि माझ्याकडे तिला द्यायला रुमालसुद्धा नव्हता.

घरी पोचतो तोच विमानकाकांचा फोन. "सर, सुखरूप ना? उत्तम. एक लहानशी गोष्ट. काल संध्याकाळी पाहुणे आले अचानक. तुमचं दही इतकं आवडलं, इतकं आवडलं, की मंडळींनी भांडं पुसून घेतलं. येताना थोडं घेऊन या हं!"

म्हणजे आता तेही गेलं. इकडचं गेलं, तिकडचं गेलं. बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आईने दिलेली तेवढी एकच वस्तू माझ्याकडे रोज ताजी होती."

मी सोफ्यावर बसून राहिलो. कोट काढायचंही सुचलं नाही. नात जवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि नाक आक्रसलं. "आजोबा, तुमच्या हाताला कसला वास येतो?"

"कसला?"

"आंबट." तिने बाही हुंगली. "हाताला नाही. कोटाला."

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण मुलाच्या तोंडचा घास आणि मुलाच्या डोक्यातलं उत्तर मोठ्यांनी काढून घेऊ नये. मी विचारलं, "आंबट का येत असेल?"

"दही सांडलं?"

"सांडलं. मग?"

"मग वाळलं."

"मग?"

ती बाहीकडे पाहत राहिली. मग ती इतक्या जोरात ओरडली, की जावई अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. "आजी! कोट दुधात बुडवायचा!"

लेकीने दूध तापवलं. नातीने बोट बुडवून मोजलं. आठावर "स्स" केलं, म्हणून थोडं थांबलो. मग कोट खुर्चीच्या पाठीवर घातला, पातेलं स्टुलावर ठेवलं आणि उजवी बाही मनगटापर्यंत दुधात सोडली. वरून ताटली झाकली, त्यावर जाड टॉवेल. लांबून पाहिलं तर एखादे गृहस्थ खुर्चीत बसून पातेल्यात हरवलेलं काही तरी चाचपताहेत असं वाटे. जावई भला माणूस आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसऱ्या बाहीचं काय करायचं आहे?"

उघडून बघायचं नाही, हा नियम त्या घरात चार जणांनी चोरून मोडला. त्यातला एक मी होतो.

सकाळी लेकीने ताटली उचलली. बाही काढायला गेली, तर ती निघेना. तिच्याभोवती घट्ट, पांढरं, कडेला निळसर पाणी सुटलेलं दही लागलं होतं. पहिल्या वाटीत लोकरीचा एक धागा आला आणि किंचित कपाटाची चव आली. पण त्यातून चमचाभर काढून दुसरं लावलं, दुसऱ्यातून तिसरं, आणि तिसऱ्या दिवशी लेकीने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघी गप्प होत्या. पण ही गप्प बसण्याची तऱ्हा वेगळी होती.

मी विजयी मुद्रेने दुसरी वाटी पुढे केली. एवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, फॉर्ममध्ये तुम्ही कोट लिहिला होता का?"

मी वाटी खाली ठेवली. बायको म्हणाली, "लिहा आता पत्र!" तिने टोमणा मारला होता. मी लिहिलं. 'महोदय, मी आपल्या टेबलासमोर बसलो असता माझ्या उजव्या बाहीतही काही कोटी सजीव होते. ते मला ठाऊक नव्हतं. कोट केव्हा हजर करू?' नातीने पाकिटाला तिकीट लावलं. त्यानंतरचे नऊ दिवस दारावरची घंटा वाजली की बायको आधी दह्याचं पातेलं कपाटात ठेवी आणि मग दार उघडी.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. सरकारी कागद, वर शिक्का. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. अंगावरील कपड्यांचे डाग खाद्यपदार्थांच्या कलमात येत नाहीत. कोट हजर करण्याची आवश्यकता नाही. यापुढे फॉर्म भरताना सजीवांची संख्या कोटींत देऊ नये, कार्यालयात घबराट होते.'

खाली सही होती. आणि सहीखाली, शिक्क्यापासून जरा लांब, साहेबाला दिसू नये इतक्या बारीक अक्षरात पेनाने लिहिलं होतं: 'काका, साहेब आले म्हणून तुमचं शेवटचं राहिलं. दूध नेमकं किती कोमट हवं?'

मी चष्मा पुसला. कोरे कागद काढले. लिहायला लागलो तो दुसरं पान संपलं तरी माझं थांबेना. बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं.

"अहो, त्याने एका ओळीत विचारलंय. बोट घाल, दहा मोज, एवढं लिहा की."

"ते चौथ्या पानावर येणार आहे," मी म्हणालो. "आधी हात धुण्यापासून सुरुवात करायला हवी."